किआंतीमधली कोरडी टाकी

१

रविवारची चर्चमधली मिस्सा संपली की मी सायकल काढून पापडीहून गासला जायचो. लढाईवरून परत आल्यापासून, म्हणजे १९४६ पासून, हा नेम कधी चुकला नव्हता. गासला उर्सुलामावशी एकटी राहायची. तिचा मुलगा मार्सेल तुस्कानो आणि मी एकाच दिवशी लष्करात भरती झालो होतो, ट्रक चालवायला. मी परत आलो. मार्सेल इटलीत राहिला.

मावशीकडे मी फार काही करायचो नाही. रहाटाला ग्रीस लावायचं, केळीची वाळकी पानं उतरवायची, एखादं कौल सरकलं असेल तर बसवायचं. मग ती चहा द्यायची आणि म्हणायची, "मार्सेलचं काय तरी सांग." मी तेच ते सांगायचो. रस्त्यावर तोफेचा गोळा पडला, क्षणात गेला, त्रास झाला नाही, लष्कराचे पाद्री जवळच होते. हे इतक्या वेळा सांगून झालं होतं की तो रस्ता मला खराच दिसायला लागला होता. दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच झाडं, मधे उलटलेला ट्रक.

१९५० च्या फेब्रुवारीतला तो रविवार. मावशी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "बेनेडिक्ट, तिथं दिवा का विझतो रे?"

"कुठं?"

"मार्सेल हाय तिथं."

"मावशी, भर रस्त्यावर कसला दिवा?"

"तेच तर." तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. "आनि वास येतो. केळी लय पिकली की येतो ना, तसा आंबूस."

मी कप खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वी मला हिवतापाने धरलं होतं तेव्हा मावशी दोन दिवस माझ्या उशाशी बसली होती. तापात मी बडबडलो असेन. दुसरं काय असणार? घरी जाईपर्यंत मी स्वतःला हेच समजावत होतो.

२

खरं काय घडलं ते सांगून टाकतो.

१९४४ चा सप्टेंबर. आमची तुकडी किआंतीच्या डोंगरात एका शेतघरी उतरली होती. तिकडे जिकडे पाहावं तिकडे द्राक्षांचे मळे, आणि शेकडो वर्षं तिथे दारूच केली जाते. घराचा धनी ओरेस्ते नावाचा. मार्सेलचं आडनाव ऐकून त्याने त्याला मिठीच मारली. त्यांच्या भाषेत तोस्कानो म्हणजे त्याच मुलखातला माणूस. तेव्हापासून तो मार्सेलला घरचाच समजायचा. मार्सेलही संध्याकाळी वेलींच्या रांगांमधून हिंडायचा आणि म्हणायचा, "आपल्या पानवेलींना किती जपावं लागतं, आणि ह्या बघ, उन्हात करपतायत तरी गोड होतात."

शेतघराच्या तळघरात, जमिनीखाली, सिमेंटची एक खोल टाकी होती. तोंड एका माणसापुरतं, आत उतरायला लोखंडी कड्या. ओरेस्तेने आम्हांला बजावून ठेवलं होतं की आत पेटती मेणबत्ती सोडल्याशिवाय उतरायचं नाही. रस आंबतो तेव्हा वाईट हवा तळाला बसते. जिथे मेणबत्ती विझते तिथे माणूस विझतो.

एका दुपारी घरचे सगळे मळ्यात होते. टाकी आदल्या दिवशी उपसली होती, तळाला थोडी दारू राहिली होती. मार्सेलला डबा भरून आणायचा होता. त्याने काखेखालून दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि कंदील घेऊन उतरला. अर्ध्यावर कंदील विझला. तो हसला. मग म्हणाला, "बेनेडिक्ट, ओढ."

मी ओढलं. तो जड होता. माझ्या तोंडाला आंबट चव आली. मी दोर सोडला. सोडला आणि पायऱ्या चढून वर उन्हात गेलो, अंजिराच्या झाडाखाली ओकलो, आणि बसून राहिलो. किती वेळ ते मला ठाऊक नाही.

ओरेस्ते मळ्यातून आल्यावर त्याच्याबरोबर खाली गेलो तेव्हा मार्सेल तळाला नव्हता. कड्या धरून तो वरपर्यंत चढून आला होता. टाकीच्या काठावर त्याची चार बोटं होती, आकड्यासारखी वळलेली, मनगटापर्यंत जांभळी. ओरेस्तेला ती एकेक करून सोडवावी लागली.

साहेबाला मी सांगितलं की तो एकटाच उतरला होता. मावशीला लिहिलं, तोफेचा गोळा.

३

१९५० हे वर्ष रोमच्या पवित्र यात्रेचं होतं. फादर फेबियन आमच्या गावांमधले तीसेक लोक घेऊन बोटीने निघाले होते. मावशीने नाव दिलं. तिने एवढे पैसे कसे जमवले हे कुणालाच कळलं नाही. मग ती माझ्या घरी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "लिडिया, दोन महिने नवरा दे. त्याला तिथली भाषा येते."

मी वाडीतल्या कामाची सबब सांगितली. लिडिया म्हणाली, "केळी मी बघते. ती बाई एकटी जाणार का एवढ्या लांब?"

मावशीने ट्रंकेला रहाटाचा जुना दोर गुंडाळला होता. फादर म्हणाले, "उर्सुला, पट्टा मिळतो की चांगला." ती म्हणाली, "हाच बरा, फादर. याला वजनाची सवय हाय."

ऑक्टोबरात आम्ही रोमला पोचलो. चार मोठ्या देवळांची वारी झाली, पोपसाहेब लांबून दिसले. मग मावशीने फादरांकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. आम्ही आगगाडीने उत्तरेला गेलो. ज्या लष्करी दफनभूमीत मार्सेलला पुरलं होतं तिथे मी तिला सकाळीच नेलं. नाव कोरलेला दगड दाखवला. तिने मेणबत्ती लावली. वारा होता, तरी ज्योत नीट उभी राहिली. मावशी तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली.

"इथं नाय तो," ती म्हणाली. "दिवा विझतो तिथं चल."

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. कुठलाही रस्ता दाखवला असता तरी तिला काय कळणार होतं? पण सहा वर्षं तो रस्ता रंगवून मी थकलो होतो. मी ओरेस्तेच्या गावाकडे जाणाऱ्या मोटारीची दोन तिकिटं काढली. ट्रंक स्टेशनवर ठेवली, तेव्हा मावशीने तिचा दोर तेवढा सोडून घेतला आणि पिशवीत भरला. कशाला म्हणून मी विचारलं नाही.

४

द्राक्षांची तोडणी चालू होती. पांढऱ्या बैलांच्या गाड्या अंगणात उभ्या होत्या, माश्या घोंघावत होत्या. ओरेस्ते म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलं, मग मावशीच्या तांबड्या लुगड्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मादरे?" त्याने विचारलं. आई का?

मी मान डोलावली. तो रडू लागला. रडता रडता म्हणाला की त्या दिवसापासून टाकी वापरलेली नाही. वर फरशी टाकलीय. सहा वर्षं ठणठणीत कोरडी आहे.

"काय म्हनतो?" मावशीने विचारलं.

"त्याला वाईट वाटतं."

पण ती ऐकायला थांबली नव्हती. अंगण ओलांडून ती तळघराच्या दाराकडे निघाली होती. अंगणात पाच दारं होती. मी मनाशी म्हटलं, गाड्या त्याच दारापाशी रिकाम्या होतायत, कुणीही ओळखेल.

५

तळघरात वीस पायऱ्या खाली उतरावं लागतं. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, त्यांत रस आंबत होता. भात उकळायला लागला की येतो तसा आवाज सगळीकडून येत होता. टाकी अगदी टोकाला.

मावशीने फरशीकडे बोट दाखवलं. ओरेस्तेने गडी बोलावून पहारीने ती बाजूला सरकवली, तारेला मेणबत्ती बांधून आत सोडली. ज्योत तळापर्यंत गेली आणि सरळ जळत राहिली. मी वाकून पाहिलं. कोरडं सिमेंट, कोळ्याची जाळी, बाकी काही नाही. "बघा," असं ओरेस्ते म्हणाला, मेणबत्ती टाकीच्या काठावर चिकटवून ठेवली आणि वर गेला. गाड्या खोळंबल्या होत्या.

मावशी एका पालथ्या खोक्यावर बसली. मी पायऱ्यांवर, वरून तिसरीवर. तिथून मागे वळलं की अंगणातलं ऊन दिसत होतं.

तिने रोजरीची माळ काढून जप सुरू केला. "नमो कृपापूर्ण मरिये" म्हणून अर्धी प्रार्थना म्हणाली आणि थांबली. घरी सगळे बसतात तेव्हा पुढचा अर्धा भाग बाकीचे म्हणतात. ती तेवढा वेळ गप्प राहिली आणि मग पुन्हा "नमो कृपापूर्ण मरिये". मला वाटलं, उरलेलं ती मनातल्या मनात म्हणत असेल. मी म्हणायला हवं होतं, पण मी मागे वळून उन्हाकडे बघत राहिलो.

पहिले दहा मणी झाले, दुसरे झाले. पिंपांचा आवाज, तिचा आवाज, मग तेवढीच शांतता. हळूहळू माझं लक्ष उडालं असावं. कारण नेमकं कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. भानावर आलो तेव्हा मावशी म्हणत होती, "हे पवित्र मरिये, देवाचे माते." तो दुसरा अर्धा भाग. ती गप्प राहायची, आणि मग दुसराच भाग म्हणायची. पुन्हा गप्प. पुन्हा दुसराच.

ती उत्तर देत होती.

पहिला भाग मला ऐकू येत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. म्हातारं माणूस आहे, चुकलं असेल, मी स्वतःला म्हटलं. पण चुकलेलं माणूस इतक्या नेमक्या वेळी थांबत नाही.

काठावरची मेणबत्ती विझली.

६

वारा नव्हता. मी उठून उभा राहिलो. तोंडाला तीच चव आली होती.

"मावशी, वर ये! हवा बिघडलीय!"

"हो," ती म्हणाली. पण माझ्याशी नाही. खाली वाकून, मूल झोपेतून उठताना आई बोलते त्या आवाजात. "हो रे, हाय मी. सोडते."

वरून येणाऱ्या उजेडात तिची पाठ तेवढी दिसत होती. तिने पिशवीतून दोर काढला आणि टाकीत सोडला. हातावरून तो सरसर गेला, मग थांबला. मग ताठ झाला. मावशीची पाठ वाकली.

"बेनेडिक्ट," ती म्हणाली, "जड हाय. हात लाव."

माझ्या मागे ऊन होतं. ओरेस्तेच्या गड्यांचं हसणं ऐकू येत होतं. तीन पायऱ्या चढलो असतो तर मी बाहेर असतो, आणि मला कुणी काही म्हणालं नसतं. पण सत्तरीची ती बाई दोराबरोबर काठाकडे ओढली जात होती. मी श्वास कोंडून धावलो आणि तिच्या पुढे दोर धरला.

दोराला वजन होतं. पोत्याचं नव्हे, बादलीचंही नव्हे. पोतं ओढताना लोंबतं, हे आपलं आपण पाय टेकत वर येत होतं. मी डोळे मिटून ओढत राहिलो. खालून कड्यांवर बूट वाजल्यासारखा आवाज येत होता. मी म्हटलं, पिंपांचा आहे. पुन्हा म्हटलं, पिंपांचा आहे.

डोळे उघडले तेव्हा काठावर चार बोटं आली होती.

त्याच क्षणी दोर सैल झाला. मी पाठीवर पडलो. मावशीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सोड आता," ती म्हणाली. "आला."

७

परतीच्या बोटीवर मावशी बदलून गेली होती. चवीने जेवायची, बायकांत बसून हसायची. मी दोर तिच्याकडे मागितला, समुद्रात टाकावा म्हणून. ती म्हणाली, "तिथंच ठेवला. आता काय काम त्याचं?"

एडन सोडल्यावर एका दुपारी डेकवर आम्ही दोघंच होतो. मी सांगायचं ठरवलं. "मावशी, तो गोळा..."

"ठावं हाय. त्याने सांगितलं."

मी कठडा धरला.

"राग नाय त्याचा तुझ्यावर," ती म्हणाली. "तुझं घर कुठलं ते इचारत होता. तू लगीन केलंस, पोर झाली, त्याला कुठं ठावं? मी समदं सांगितलं. पापडीत, चर्चच्या मागं, केळीच्या वाडीत. किती लांब हाय म्हनला. मी म्हटलं, बाबा, मधी समुद्र हाय. तर म्हनला, चालेल."

ती समाधानाने समुद्राकडे बघत राहिली. म्हातारीचं डोकं फिरलंय, मी स्वतःला सांगितलं. आणि तळघरातल्या हवेने माझंही थोडा वेळ फिरलं होतं. मुंबई येईपर्यंत मला ते जवळजवळ पटलं होतं.

८

पुढच्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मावशी झोपेत गेली. सगळं गाव म्हणालं, एवढ्या शांत चेहऱ्याने गेलेलं माणूस पाहिलं नाही.

मेमधली दुपार. मी वाडीत केळीचे घड उतरवत होतो. लिडिया आमच्या पोरीला, रोझलीनला, कडेवर घेऊन आली.

"अहो, कुणीतरी आलंय तुम्हांला भेटायला."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. बोली गासची वाटली. फार लांबून चालत आलो म्हणाला. तुमच्या पलटणीतला असेल, खाकी घातलीय."

माझ्या हातातला कोयता खाली पडला. "कुठं आहे?"

"ऊन केवढं तापलंय, पुढच्या खोलीत बसवलं. पाणी दिलं तर घेतलं नाही. बेनेडिक्टला येऊ दे म्हणाला, मी थांबतो." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "अंगाला कसला तरी आंबूस वास येतोय. ताडीचा नाही, वेगळाच."

"मागचं दार?"

"आतून कडी घातलीय. मांजर शिरतं."

"पोरीला घेऊन फाटकापाशी उभी राहा," मी म्हटलं. "काहीही झालं तरी मी हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती फाटकाकडे गेली.

वाडीतून मागच्या मागे बाजाराकडे पायवाट जाते. माझे पाय तिकडेच वळत होते. पण त्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत माझ्या मुलीचा पाळणा होता, आणि रात्री तिला तिथेच निजायचं होतं. मी ओटा चढलो.

उन्हामुळे लिडियाने खिडक्या लावून घेतल्या होत्या. काचेच्या कौलातून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडला होता, बाकी अंधार. खुर्ची भिंतीकडे वळवलेली होती. तिच्यात कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. केस ओले. एक हात खुर्चीच्या पाठीवरून मागे टाकलेला. चार बोटं आकड्यासारखी वळलेली, मनगटापर्यंत जांभळी.

कुठून बळ आलं देव जाणे. "मार्सेल," मी म्हटलं, "दोर मी सोडला. हातून निसटला नाही. मी सोडला."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो.

तो वळू लागला. मला कान दिसला. मग जबड्याची कड दिसली. त्यापुढचं मला काहीही आठवत नाही.

९

खूप वेळ आतून आवाज येईना म्हणून लिडियाने शेजारच्या रॉबर्टला हाक मारली. तोच आत शिरला. मी जमिनीवर पडलो होतो, ओठ निळे पडले होते. त्याने मला फरफटत ओट्यावर आणलं. त्याचंही डोकं दिवसभर गरगरत होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि रागावूनच विचारलं, "विहिरीत कशाला उतरला होतात? जुन्या विहिरीतली हवा वाईट असते, हे तुम्हां वाडीवाल्यांना मी सांगायचं का?"

लिडिया म्हणाली, "ते घरात होते."

"घरात असं होत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि औषध लिहून दिलं.

पाचव्या दिवशी मी उठून बसलो आणि लिडियाला सगळं सांगितलं. टाकी, दोर, अंजिराचं झाड, मावशीला लिहिलेलं खोटं पत्र. ती रोझलीनचा फ्रॉक शिवत होती. तिने टाके घालायचे थांबवले नाहीत, आणि मला दोषही दिला नाही. सांगून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी म्हणालो, "आता तो गेला असेल."

लिडियाने दोरा दातांनी तोडला.

"मी फाटकापाशीच उभी होते," ती म्हणाली. "सगळा वेळ नजर दारावर होती. मागच्या दाराची कडी आतून तशीच होती, रॉबर्टने पाहिली. तुम्हांला बाहेर काढलं तेव्हा आत कुणी दिसलं नाही, हे खरं. पण बाहेरही कुणी आलं नाही."

याला आता चार वर्षं होतील. आल्यागेल्याला आम्ही ओट्यावरच बसवतो. पुढच्या खोलीला कुलूप असतं. ती रिकामी आहे, असं आम्हां दोघांपैकी कुणीच कधी म्हणत नाही.